अमेरिकन टूरिंग बाईक ब्रिटनच्या रस्त्यावर: आधी काय, नंतर काय

"बाईकला कुठे उजवं-डावं स्टिअरिंग असतं? मग बदलायचं काय?" न्यू जर्सी किंवा टेक्ससमधून बदली होऊन ब्रिटनला येणारा मराठी रायडर पहिल्या फोनवर हमखास हेच विचारतो. दुसरा फोन येतो तेव्हा गाडी बंदरात उतरलेली असते, कस्टमचा एजंट एक नंबर मागत असतो आणि तो नंबर काढायला दीड-दोन महिने आधी अर्ज करायला हवा होता, हे त्याला त्याच दिवशी कळलेलं असतं.

चूक गाडीत नसते, क्रमात असते. बहुतेक जण आधी जहाज ठरवतात, मग कागद गोळा करतात आणि दिव्याकडे शेवटी बघतात. बरोबर क्रम याच्या जवळपास उलटा आहे. खालची माहिती अमेरिकेत घेतलेल्या, स्वतः वापरलेल्या मोठ्या टूरिंग गाडीची आहे. गोल्डविंग, हार्लेची बॅगर, बीएमडब्ल्यूची जीएस, काहीही असो. नियम इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचे आहेत. उत्तर आयर्लंडला जाणाऱ्यांनी तिथले वेगळे पाहावेत.

## १. गाडीचं खरं वय काढा

सगळ्यात आधी हेच, कारण पुढचं निम्मं काम यावर ठरतं. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ब्रिटनमध्ये मंजुरी चाचणी लागत नाही. त्याहून नवी असेल तर एमएसव्हीए नावाची चाचणी लागते. डीव्हीएसए ही सरकारी संस्था ती घेते आणि तीत दिवे, आरसे, आवाज, स्पीडोमीटर, ब्रेक, कडा-कोपरे असं सगळं तपासलं जातं.

इथे लोक फसतात ते मॉडेल इयरमुळे. अमेरिकन टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, मॉडेल इयर असतं आणि २०१७ चं मॉडेल २०१६ च्या सप्टेंबरात बनलेलं असू शकतं. खरी तारीख फ्रेमवर असते. अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक मोटरसायकलला हँडलच्या मानेजवळ एक लेबल लावावं लागतं आणि त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. केबल बाजूला सारून टॉर्च मारा, दिसेल. त्याचा स्पष्ट फोटो काढा. लेबल उन्हाने उडालं असेल तर कंपनीकडून व्हिन नंबरनुसार (व्हिन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक) उत्पादनाच्या तारखेचं पत्र मागवून घ्या. वय आणि ओळख सिद्ध करता आली नाही तर गाडीला "क्यू" अक्षराची नंबरप्लेट मिळू शकते आणि मग ती विकताना घेणाऱ्याचं तोंड वाकडं होतं.

गाडी साडेनऊ वर्षांची असेल तर सरळ हिशोब करा. मित्राच्या गॅरेजमध्ये सहा महिने ठेवून, दहा वर्षं उलटल्यावर आणली तर एक अख्खी चाचणी वाचते. मात्र टप्पा ३ मधल्या करसवलतीच्या अटी सांभाळून.

तपासा: फ्रेमवर कोरलेला व्हिन, लेबलवरचा व्हिन आणि टायटलवरचा व्हिन अक्षर-अक्षर जुळवा. सतरा अक्षरं असतात आणि त्यांत इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. गोल दिसलं की ते शून्यच. माझ्या वेळी एजंटने शून्याच्या जागी ओ टाइप केला होता. तो एक गोळा दुरुस्त करून घेण्यात तीन आठवडे गेले.

## २. टायटल हातात घ्या

गाडीवर कर्ज असेल तर ते आधी फेडा. कर्ज फिटलं म्हणजे टायटल आलं असं नाही. बँकेकडून मोकळं टायटल पोस्टाने यायला काही आठवडे जातात. कर्ज शिल्लक असताना गाडी देशाबाहेर न्यायची तर बँकेचं लेखी परवानगीपत्र लागतं.

अमेरिकन कस्टमला गाडी आणि मूळ टायटल जहाज सुटण्याच्या किमान ७२ तास आधी दाखवावं लागतं. फॉरवर्डर, म्हणजे गाडी जहाजाने पाठवून देणारी कंपनी, म्हणेल, "टायटल आमच्याकडे देऊन टाका." द्या, पण आधी दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅन करून ठेवा आणि मूळ कागद परत कधी, कसा येणार हे ईमेलवर लिहून घ्या. ब्रिटनमध्ये डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणारी सरकारी संस्था, मूळ टायटलच मागते. झेरॉक्सवर भागत नाही.

याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी उरकून घ्या. कंपनीने परत बोलावलेल्या सुट्या भागांचं काही काम बाकी असेल तर ते जवळच्या डीलरकडे फुकटात करून घ्या. आणि विमा कंपनीकडून किती वर्षं क्लेम नाही याचं पत्र घ्या. ब्रिटनमधल्या काही कंपन्या ते मानतात आणि मोठ्या गाडीच्या हप्त्यात त्याने बराच फरक पडतो.

## ३. टीओआर: जहाजाच्या आधी

टीओआर म्हणजे बिऱ्हाड हलवताना मिळणारी करसवलत. ती मिळाली तर कस्टम ड्यूटी नाही, व्हॅट नाही. नाही मिळाली तर गाडीची किंमत, जहाजभाडं आणि ड्यूटी या सगळ्यांच्या बेरजेवर २० टक्के व्हॅट.

मुख्य अटी अशा: तुम्ही ब्रिटनबाहेर किमान सलग १२ महिने राहत होतात, गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरात होती, आणि आणल्यावर १२ महिने ती विकायची, भाड्याने द्यायची किंवा कुणाला वापरायला द्यायची नाही. अर्ज एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, ऑनलाइन करायचा. मंजूर झाला की एक संदर्भ क्रमांक मिळतो. पहिल्या परिच्छेदातला एजंट मागत असतो तो नंबर हाच.

सावध: अर्जातल्या सामानाच्या यादीत गाडी व्हिनसकट लिहा. "घरगुती सामान आणि एक बाईक" असं मोघम लिहिलेलं मी पाहिलंय. त्यावर प्रश्न येतात आणि प्रत्येक प्रश्नाला आठवडा जातो. बदली नक्की झाली म्हणून निघायच्या दोन महिने आधी नवी कोरी गाडी घेऊ नका. सहा महिन्यांची अट तिथेच मोडते.

## ४. भिंतीवर उजेड पाडून बघा

आता दिवा. या सगळ्या उपद्व्यापात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं थांबून.

अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, ब्रिटनमध्ये आपल्यासारखी डावीकडून. डिपरवर असताना बऱ्याच हेडलाइटचा उजेड सरळ आडवा नसतो. कडेची पाटी आणि पायी चालणारा माणूस दिसावा म्हणून तो कडेच्या बाजूला थोडा वर चढवलेला असतो. अमेरिकेत ती कड उजवी. तोच दिवा ब्रिटनमध्ये लावला की वर चढलेला उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. एमओटी म्हणजे इथली वार्षिक तपासणी. तिच्यातही उजवीकडे चढणारा डिपर नापास होतो.

पण सगळ्या बाईकचे दिवे असे नसतात. मोटरसायकलला सपाट, दोन्हीकडे सारखा पडणारा डिपरही चालतो आणि अनेक गाड्यांना तोच असतो. म्हणून दिवा विकत घेण्याआधी बघा. रात्री, सपाट जमिनीवर:

टायरमध्ये पुस्तकात लिहिल्याइतकी हवा भरा. मागचं सस्पेन्शन रोजच्या सेटिंगवर ठेवा. गाडी भिंतीपासून १० मीटरवर, भिंतीला काटकोनात उभी करा. स्टँडवर नाही, तुम्ही स्वतः बसा आणि दुसऱ्याला खुणा करायला लावा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीला आडवी टेप लावा. गाडीच्या मध्यरेषेवर उभी टेप. आता डिपर लावा.

उजेडाची वरची कड आडव्या टेपच्या साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. ती कड डावीकडून उजवीकडे सपाट गेली तर तुमचा दिवा दोन्हीकडे सारखा आहे. उभ्या टेपच्या उजवीकडे ती जिन्यासारखी वर चढली, तर दिवा बदलायचा आहे. कड पुसट असेल आणि काही कळत नसेल तर फोनचा एक्स्पोजर कमी करून फोटो काढा, लगेच दिसते.

दुसरी तपासणी काचेवर. ब्रिटन आणि युरोपात चालणाऱ्या दिव्यावर वर्तुळात ई आणि एक आकडा असतो: जर्मनी १, नेदरलँड्स ४, ब्रिटन ११. आकडा कुठला याला महत्त्व नाही, ई असणं महत्त्वाचं. अमेरिकन दिव्यावर बहुधा फक्त डॉट (डीओटी, अमेरिकन वाहतूक खात्याची खूण) असं लिहिलेलं असतं. ई खुणेजवळ एक लहान बाण असू शकतो. तुम्ही दिव्यासमोर उभं राहून पाहताना बाण तुमच्या उजवीकडे असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा. दोन्ही टोकांना बाण असेल तर दोन्हीकडे चालणारा. बाणच नाही तर एकतर उजव्या वाहतुकीचा, नाहीतर सपाट उजेडाचा. भिंतीने त्याचा निकाल आधीच दिलेला असतो.

या तीन गोष्टी करू नका. बल्ब होल्डरमध्ये थोडा फिरवून बसवणं: उजेडाचा आकार रिफ्लेक्टर आणि काच ठरवतात, बल्ब फिरवून नुसता विस्कटतो. दिवाच खाली झुकवणं: समोरच्याला त्रास होत नाही हे खरं, पण तुम्हालाही रस्ता दिसत नाही. काचेवर काळे स्टिकर लावणं: ते दोन आठवडे फ्रान्सला फिरायला जाणाऱ्यांसाठी असतात, कायम नोंदणीच्या गाडीसाठी नाहीत.

दिवा बदलायचा खर्च गाडीगणिक फार वेगळा. गोल ७ इंची हेडलाइटच्या हार्ले असतील तर मजा आहे. हाच आकार जुन्या मिनी आणि लँडरोव्हरनाही होता, त्यामुळे डाव्या वाहतुकीचा, ई खुणेचा दिवा ब्रिटनमध्ये स्वस्तात आणि कुठेही मिळतो. गोल्डविंगसारख्या फेअरिंगच्या, म्हणजे पुढे मोठं आवरण असलेल्या, गाडीला मात्र अख्खा संच बदलावा लागतो. तो ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा जपानच्या बाजारासाठी बनलेला असतो आणि वापरलेला मिळाला तरी खिसा हलका होतो. हा आकडा कळल्यावर काही जण गाडी अमेरिकेतच विकतात. तो निर्णय इथे, जहाजाचे पैसे भरण्याआधी घ्यायचा असतो.

तपासणी तिकडे करा. खरेदी आणि बसवणं इकडे. डाव्या वाहतुकीचा दिवा लावून अमेरिकेत फिरणं तितकंच चूक. फक्त निघण्याआधी हेडलाइटमागचे प्लग उघडून त्यांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे गाडी समुद्रात असताना योग्य भाग मागवता येतो.

## ५. इंडिकेटर, पांढरा छोटा दिवा आणि वायरिंग

माझी गाडी पहिल्या चाचणीत नापास झाली ती हेडलाइटमुळे नाही. हेडलाइटवर मी दोन महिने अभ्यास केला होता. नापास झाली ती पुढच्या इंडिकेटरमुळे.

अमेरिकन गाड्यांचे पुढचे इंडिकेटर सतत मंद पिवळे जळत असतात आणि वळताना प्रखर होऊन लुकलुकतात. त्यांच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: एक कायमचं, एक इशाऱ्याचं. ब्रिटनमध्ये इंडिकेटर फक्त इशाऱ्यापुरता, आणि पुढे कायम जळणारा छोटा दिवा पांढरा हवा. म्हणजे कामं दोन आहेत, आणि लोक पहिलं करून दुसरं विसरतात.

पहिलं: प्रत्येक पुढच्या इंडिकेटरकडे तीन वायरी जातात, अर्थ, इशारा आणि कायमचा उजेड. तिसरी वायर कनेक्टरमधून पिनसकट बाहेर काढा, उष्णतेने आवळणारी नळी चढवा, बांधून ठेवा. कापू नका. गाडीच्या वायरिंगचा नकाशा जवळ नसेल तर टेस्ट लॅम्प लावून कुठली वायर कुठली ते ठरवा. रंगांवर विश्वास ठेवू नका.

दुसरं: पांढरा छोटा दिवा. युरोपीय आणि ब्रिटिश हेडलाइटमध्ये मोठ्या बल्बच्या खाली ५ वॉटच्या लहान बल्बसाठी भोक असतं. अमेरिकन हेडलाइटमध्ये ते बहुधा नसतंच. नवा हेडलाइट घेताना हे भोक आणि त्याचा होल्डर आहे ना ते बघून घ्या. आणि मघाशी इंडिकेटरमधून सोडवलेली कायम वीज असलेली वायर आहे ना, तीच इथे आणा. दोन्ही कामं एकाच वायरीत होतात.

मागे बघा. काही अमेरिकन गाड्यांचे, विशेषतः हार्लेचे, मागचे इंडिकेटर लाल असतात. इथे ते पिवळेच हवेत. काच लालऐवजी पिवळी लावली की झालं असं वाटतं, पण त्याच गाड्यांत मागचे इंडिकेटर टेल लॅम्प आणि ब्रेक लाइटचंही काम करतात. पिवळी काच लावली आणि वायरिंग तसंच ठेवलं तर ब्रेक मारल्यावर मागे पिवळं उजळतं. तेव्हा मधला लाल टेल-ब्रेक दिवा स्वतंत्र चालतो याची खात्री करा आणि इंडिकेटरकडे फक्त इशारा जाऊ द्या.

बल्बची अडचण: पारदर्शक काच लावली तर बल्ब पिवळा लागतो. एका फिलामेंटच्या पिवळ्या बल्बच्या बुडाच्या पिना तिरक्या असतात, साध्या पांढऱ्याच्या समोरासमोर. म्हणून पिवळा बल्ब साध्या होल्डरमध्ये बसत नाही. ठोकून बसवू नका. पिवळी काच आणि पांढरा बल्ब ही जोडी सोपी. एलईडी लावलेत तर वीज कमी खेचल्याने इंडिकेटर फडफडायला लागतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर किंवा रेझिस्टर लागतो आणि रेझिस्टर तापतो, तो प्लास्टिकवर चिकटवू नका.

अमेरिकेत दिवसा लक्ष वेधायला हेडलाइट धडधडवणारा मॉड्युलेटर कायदेशीर आहे. ब्रिटनमध्ये नाही. ब्रेक लाइट लुकलुकवणारं यंत्रही काढा. आधीच्या मालकाने बसवलेलं असेल तर तुम्हाला ते माहीतही नसतं. भर दुपारी डिपर लावून समोर उभे राहा, कळेल.

तपासा: पुढचा ब्रेक एकटा दाबून ब्रेक लाइट लागतो का, मागचा एकटा दाबून लागतो का. दोन्हींनी लागायला हवा. नंबरप्लेटवरचा पांढरा दिवा, मागचा लाल रिफ्लेक्टर, अपरचा निळा संकेत हेही याच फेरीत बघून टाका.

## ६. सायलेन्सर आणि बाकीचं किडूकमिडूक

गॅरेजच्या माळ्यावर पडलेला मूळ सायलेन्सर खाली काढा आणि परत बसवा. बाजारातून घेतलेल्या पाइपांवर "रस्त्यावर वापरासाठी नाही" असा शिक्का असेल तर तो एमओटीतही चालत नाही, एमएसव्हीएच्या आवाजाच्या मोजणीचं तर सोडाच. मूळ सायलेन्सर विकून टाकला असेल तर तो अमेरिकेतच शोधा. तिथे लोक ते जवळपास फुकट देतात.

आरशांवर ई खूण आहे का पाहा. हातात घासणारे धारदार कंस आणि बाहेर आलेले बोल्ट, म्हणजे फोन, कप, झेंडा अडकवायला लावलेलं सगळं, चाचणीआधी काढून ठेवा. साइड स्टँड खाली असताना गिअर टाकल्यावर इंजिन बंद पडतं ना, तेही बघा.

स्पीडोमीटरची चिंता इथे नाही, ब्रिटनही मैलांतच चालतं. मात्र गाडीचा संगणक दाखवतो ते मायलेज अमेरिकन गॅलनचं असतं. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, ब्रिटिश ४.५४६. तिकडचे ४० मैल म्हणजे इकडचे ४८. गाडी अचानक सुधारलेली नसते.

हेल्मेट विसरू नका. फक्त डॉट शिक्क्याचं हेल्मेट ब्रिटनमध्ये कायदेशीर नाही. ईसीई २२.०५ किंवा २२.०६ या युरोपीय मानकाचं लेबल आतल्या पट्ट्यावर शिवलेलं हवं.

## ७. क्रेट

टाकीत जेमतेम तळ भिजेल इतकंच पेट्रोल, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे नोंदवलेल्या. क्रेट लाकडाचा असेल तर लाकडावर उष्णता प्रक्रियेचा एचटी असा शिक्का हवा, नाहीतर बंदरात लाकडावरून वाद होतो. पॅनियरमध्ये, म्हणजे गाडीच्या बाजूच्या पेट्यांत, लोणच्याच्या बरण्या, कपडे, मसाले भरू नका. मोकळी जागा बघून मोह होतो, मान्य. पण यादीत नसलेलं सामान निघालं की गाडीसकट सगळं अडकतं.

क्रेटमध्ये घालण्याआधी आठही बाजूंनी फोटो, ओडोमीटरचा फोटो. जहाजातल्या नुकसानीचा क्लेम याच फोटोंवर उभा राहतो.

## ८. उतरल्यावर

इथे क्रम चुकला की एक कागद दुसऱ्यासाठी अडतो. असा धरा:

1. कस्टम क्लिअरन्स, टीओआरचा संदर्भ क्रमांक देऊन.
2. नोव्हा: गाडी देशात आल्याची एचएमआरसीला सूचना. गाडी आल्यापासून १४ दिवसांत. एजंट करतो म्हणाला तरी झाल्याचा पुरावा मागून घ्या.
3. दिवा आणि वायरिंगचं काम, आणि पुन्हा एकदा भिंतीसमोर. या वेळी उजेड डावीकडे चढलेला किंवा सपाट दिसायला हवा.
4. व्हिन नंबरवर विमा. नंबरप्लेट नसताना विमा मिळतो. आयात गाडी घेणाऱ्या कंपन्या शोधाव्या लागतात. केलेले सगळे बदल सांगा.
5. दहा वर्षांच्या आतली गाडी असेल तर एमएसव्हीए.
6. तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर एमओटी, तीही व्हिनवर होते.
7. नोंदणीचा अर्ज.

सावध: अमेरिकन नंबरप्लेट लावून "तोपर्यंत जरा फिरून येऊ" हा प्रकार करू नका. ब्रिटनचा रहिवासी म्हणून नोंदणीआधी गाडी रस्त्यावर आणायची सवलत आधी ठरवलेल्या चाचणीला जाण्या-येण्यापुरती, आणि तीही विमा असेल तर. मी दोन्ही वेळा व्हॅनमधून नेली. नापास झालेली साडेतीनशे किलोची गाडी पावसात परत चालवत आणायची हौस नव्हती.

चाचणीला जाताना कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल, बदललेल्या दिव्याची पावती आणि चाव्या बरोबर ठेवा. नापास झालात तर कारणांची लेखी यादी मिळते. तिच्यावर वाद घालू नका. तेवढंच दुरुस्त करून फेरचाचणीला जा. यादीत नसलेली "आणखी एक सुधारणा" मध्येच करायची नाही.

## ९. डीव्हीएलए आणि नंबरप्लेट

वापरलेल्या आयात गाडीचा अर्ज व्ही५५/५. नव्या गाडीचा व्ही५५/४ आहे आणि लोक तो भरून पाठवतात, मग पाकीट परत येतं. सोबत मूळ टायटल, उत्पादनाच्या तारखेचा पुरावा, मंजुरीचं प्रमाणपत्र, एमओटी, विमा, तुमची ओळख आणि पत्ता, रस्ता कराची रक्कम आणि ५५ पौंड नोंदणी शुल्क. पाकीट स्वान्सीला, डीव्हीएलएच्या कार्यालयात जातं. पाठवण्याआधी प्रत्येक पानाचं स्कॅन, नोंदवलेल्या पोस्टानेच.

व्ही५सी, म्हणजे इथलं आरसी बुक, आलं की लगेच सीसी, रंग आणि पहिल्या नोंदणीची तारीख तपासा.

नंबरप्लेट फक्त मागे, पिवळी, दोन ओळींत. अक्षरांची उंची ६४ मिलिमीटर. सप्टेंबर २००१ नंतर नोंदलेल्या मोटरसायकलला पुढे प्लेट लावायची नसते. अमेरिकन प्लेट ७ बाय ४ इंच, इथली साधारण ९ बाय ७. जुन्या कंसावर ती लोंबकळते आणि खड्ड्यात टायरला घासते, म्हणून मागे आधाराची पट्टी लावा. कंसाची भोकं जुळत नाहीत. प्लेटला भोक पाडताना अक्षरात पाडू नका.

लंडनमध्ये राहणार असाल तर यूलेझचं, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणाऱ्या क्षेत्राचं बघा. मोटरसायकलला युरो ३ हे प्रदूषणाचं मानक पुरतं, पण आयात गाडीच्या कागदावर प्रदूषणाचे आकडे नसले तर संगणक तिला नापास धरून दिवसाला साडेबारा पौंड लावू शकतो. कंपनीकडून नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा लेखी घ्या. तो किलोमीटरला ०.१५ ग्रॅम किंवा त्याखाली हवा. लंडनच्या वाहतूक खात्याकडे तो पाठवून नोंद सुधारून घेता येते.

## १०. पहिले काही आठवडे

पेट्रोल: अमेरिकन गाडीच्या टाकीवर "९१ प्रीमियम" असतं आणि इथे पंपावर ९५ आणि ९७-९९ दिसतं. मोजायची पद्धत वेगळी आहे. अमेरिकेतला आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, ब्रिटनमधला त्यांतल्या जास्त येणाऱ्या एकीचा. तिकडचे ९१ म्हणजे इकडचे साधारण ९५-९६. त्यामुळे साधं ९५ बऱ्याच गाड्यांना चालतं, चढावर खडखड ऐकू आली तर महागडं भरा. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. अमेरिकेत गाडी तेच पीत होती.

रेडिओ: अमेरिकन सेट फक्त विषम दशांशांवर थांबतो. लंडनमध्ये बीबीसी रेडिओ ४ चं ९३.५ लागतं, रेडिओ १ चं ९८.८ लागत नाही. मेनूत देश बदलायची सोय असते, ती शोधा.

लायसन्स: अमेरिकन लायसन्सवर, मोटरसायकलचा अधिकार त्यात असेल तर, रहिवासी झाल्यापासून १२ महिने चालवता येतं. ते बदलून मिळत नाही, भारतीयही नाही. सीबीटी (प्राथमिक प्रशिक्षण), लेखी, मॉड्यूल १ आणि मॉड्यूल २ (चालवण्याच्या चाचण्या) हे सगळं त्या १२ महिन्यांत करा. गाडीच्या कागदांत वर्ष कसं सरतं कळत नाही आणि मग स्वतःच्याच गाडीकडे खिडकीतून बघत बसावं लागतं.

मीठ: हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीचे बोल्ट ते एका मोसमात लाल करतं. ऑक्टोबरच्या आत धुऊन, वाळवून गंजरोधक फवारा मारा, ब्रेकच्या डिस्क झाकून.

आणि गाडी लावताना जरा जपून. साइड स्टँड डावीकडेच असतो, पण रस्त्याचा उतार आता डावीकडे आहे. अमेरिकेत उजव्या कडेला लावलेली गाडी उताराने सरळ उभी राहायची. इथे डाव्या कडेला ती आणखी डावीकडे झुकते, आणि भरलेल्या पॅनियरसकट तिला उचलून सरळ करताना पाठीत कळ येते. शक्य असेल तिथे मागचं चाक फुटपाथच्या कडेला टेकवून गाडी रस्त्याला काटकोनात लावा.